ट्रॅक्टरवाल्याला मागचे काय दिसते?

गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या अपघातांची चर्चा निघते आणि सगळा दोष चालकाच्या माथी जातो. पण वाहनाची बांधणीच त्याच्या नजरेला कुठे आडवी येते, हे आपण कधी पाहत नाही.

ट्रॅक्टर हे मूळचे शेतातले यंत्र. पुढे लांब बॉनेट, कित्येकांना त्यावर उभा सायलेन्सर. बॉनेटच्या तोंडाशी खाली बसलेले मूल सीटवरून दिसतच नाही. मागची गोष्ट याहून अवघड. जोड-ट्रॉली भरली की ऊस दोन्ही अंगांनी बाहेर येतो, आणि मडगार्डजवळच्या आरशात दिसतो तो फक्त ऊस! मागून मोटारसायकल पुढे काढू लागली तरी चालकाला पत्ता नसतो. इंजिनच्या आवाजात हॉर्नही विरतो. नेमका तेव्हाच तो कारखान्याच्या गेटाकडे उजवीकडे वळला, तर? म्हणून आरसा लांब दांडीवर, भरलेल्या उसाच्याही बाहेर येईल असा हवा. बहिर्गोल काच रस्ता जास्त दाखवते खरी, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासवते, हे चालकाला सांगून ठेवावे.

मागून येणाऱ्याचेही पाहू. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीचा तांबडा रिफ्लेक्टर लोंबत्या उसाने झाकला, तर ब्रेकला वेळ कुठला? रिफ्लेक्टर मागच्या दोन्ही कडांना असावेत, म्हणजे रुंदी कळते. मध्ये एकच लावला तर मोटारसायकलच वाटते. फडातून निघताना चिखल पुसायला एक फडके पुरते.