एक नंबर, दोन नंबर आणि तुझी मैत्रीण

अगं, आधी तो लॅपटॉप मिट बघू. रात्री दीड वाजता 'पी-वन' आणि 'पी-टू' वाचत बसलं की कुणाचंही डोकं फिरेल. तुझ्या अफगाण मैत्रिणीचा पुण्यातला कोर्स संपत आलाय, व्हिसाची तारीख जवळ येतेय, घरी परतायची सोय नाही, आणि निर्वासित म्हणून दुसऱ्या देशात जायला तिला नेमक्या कुठल्या गटात बसवायचं याचा घोर तुला लागलाय. खरं सांगू का, ते ठरवणं तुझ्या हातात नाही, तिच्याही नाही. तेव्हा तेवढी एक काळजी खाली ठेव. करण्यासारखं बाकी पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट. निर्वासितांबद्दलच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, १९६७च्या पुरवणी करारावरही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं आपलं सरकार थेट बघतं. अफगाण आणि म्यानमारमधल्या लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीतून करते. त्यामुळे सुरुवात अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या वेबसाइटवर नाही गं, इथे दिल्लीत. आधी नोंदणी, मग सविस्तर मुलाखत, मग ती निर्वासित आहे की नाही याचा निर्णय. 'पण ती तर शिकायला आली होती, पळून थोडीच आली?' असं तू विचारलंस ना? त्याने काही अडत नाही. माणूस बाहेर असताना मागे देशात परिस्थिती पालटली, तरी तो निर्वासित ठरू शकतो. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं तेव्हा असे कितीतरी जण भारतात होते.

तोवर व्हिसाचं मात्र वेगळं बघ. ते काम परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं, पुण्यात पोलीस आयुक्तालयात. यूएनएचसीआरचं कार्ड हातात आलं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. हे दोन धागे वेगळे ठेव, नाहीतर गुंता होतो.

आता तुझे ते गट. यूएनएचसीआर एखाद्याचं नाव तिसऱ्या देशाकडे, म्हणजे मायदेश आणि भारत सोडून दुसरीकडे, पाठवताना सात कारणांपैकी कुठलं लागू पडतं ते बघते: इथे जिवाला किंवा कायद्याने धोका, छळ किंवा हिंसा सोसलेली माणसं, इथे न होणारे औषधोपचार, धोक्यात असलेल्या बायका-मुली, ताटातूट झालेलं कुटुंब, धोक्यातली मुलं, आणि दुसरा कुठलाच टिकाऊ मार्ग नसणं. यात एक बारीक गोम आहे, ती नीट ऐक. निर्वासित ठरवताना विचारतात, तिथे मागे काय झालं आणि परत गेलीस तर काय होईल. तिसऱ्या देशात पाठवायचं ठरवताना विचारतात, इथे, भारतात, आता काय होतंय. बहुतेक मुली काबूलचं सगळं सांगतात आणि इथलं गिळून टाकतात. घरमालक रात्री दार वाजवतो, कुणीतरी पाठलाग करतं, औषध मिळत नाही, हे सांगायला लाज वाटते, आणि आपल्याला आसरा देणाऱ्या देशाची तक्रार कशी करायची हाही संकोच. तिला सांग, ही तक्रार नव्हे, तुझी परिस्थिती आहे, विचारतील तेव्हा बोल. आणि जे नाही ते जोडू नको, एवढंही सांग. एकदा खोटं सापडलं की मग खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

घाई किती, हेही ठरलेलं असतं. अगदी जिवावर बेतलेलं प्रकरण आठवड्याभरात हलवायचं, त्याखालोखाल निकडीची, आणि बाकी सगळी नेहमीच्या क्रमाने. बहुतेक जण या नेहमीच्या क्रमातच असतात. जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्कासुद्धा लोक असे दुसऱ्या देशात जात नाहीत. हे तिला घाबरवायला नाही सांगत, पण 'सहा महिन्यांत टोरोंटो' म्हणणारा भेटला की तू त्याला दारातच अडवावंस म्हणून सांगतेय. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. नोंदणी, मुलाखत, नाव पुढे पाठवणं, सगळं फुकट. पैसे मागणारा दलालच, मग तो कितीही गोड फारसी बोलो.

अमेरिकेचे नंबर वेगळे. पी-वन म्हणजे यूएनएचसीआरने, वकिलातीने किंवा मान्यताप्राप्त संस्थेने एकेकट्याचं पाठवलेलं नाव. पी-टू म्हणजे सरकारने ठरवलेला आख्खा समूह. २०२१मध्ये अमेरिकी पैशावरच्या प्रकल्पांत, अमेरिकी माध्यमांत वा स्वयंसेवी संस्थांत काम केलेल्या अफगाणांसाठी असा एक होता, आणि तिथेही नाव संबंधित संस्थेनेच पाठवायचं, स्वतः नाही. पी-थ्री म्हणजे तिथे आधीच निर्वासित म्हणून पोहोचलेल्या नवऱ्याने, बायकोने, आईवडिलांनी किंवा मुलांनी बोलावणं. पण बघ, एक नंबर आधी आणि तीन नंबर मागून असं काही नाही. हे आत शिरायचे वेगवेगळे दरवाजे आहेत, रांगेतला क्रम नव्हे. तू रात्रभर ज्याच्यावर झोप घालवलीस ते हे. त्यातून २७ जानेवारी २०२५पासून अमेरिकेने हा कार्यक्रमच थांबवला, आणि २०२६च्या आर्थिक वर्षासाठी मर्यादा ठेवली ती ७,५०० माणसांची. त्याआधी ती १,२५,००० होती. म्हणून म्हणते, त्या दरवाजापाशी उभं राहून आयुष्य काढायचं नाही. कॅनडात पाच जण मिळून खासगीरीत्या बोलावू शकत, पण नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांनी असे नवे अर्ज घेणं थांबवलं. ऑस्ट्रेलियात धोक्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा व्हिसा आहे, त्याचा क्रमांक २०४. आणि दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती? तो अर्ज तिला स्वतःला करता येतो, कुणी नाव पाठवायची वाट न बघता. तुझ्या रात्री जागायच्याच असतील तर तिथे जाग बाई.

आता खरं काम. तिचा तझकिरा, म्हणजे त्यांचं ओळखपत्र, कधी नीट पाहिलायस? जुन्या कागदावर जन्मतारीख नसते, 'सन १३९०मध्ये वय नऊ' असं लिहिलेलं असतं. म्हणजे जन्म १३८१चा. आपला शक जसा चैत्रात बदलतो तसं त्यांचं वर्ष २१ मार्चच्या सुमारास बदलतं, म्हणून १३८१ म्हणजे २००२ किंवा २००३, महिन्यावर अवलंबून. मग कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी १ जानेवारी टाकून मोकळं होतं, पासपोर्टवर तिसरीच तारीख येते. त्यात आडनाव नसणं, 'मोहम्मद'ची चार इंग्रजी स्पेलिंगं. मीही एकदा एका बाईंच्या फॉर्मवर नवऱ्याच्या जागी सासऱ्यांचं नाव लिहिलं होतं. बाई इतक्या हसल्या की माझा चहा थंड झाला. तारीख स्वतःच्या मनाने 'दुरुस्त' करू नका. जी पहिल्यांदा नोंदली गेली तीच सगळीकडे लिहा, आणि फरक आहे हे अधिकाऱ्याला आपणहून सांगा. लपवलेला फरक संशय आणतो, सांगितलेला फरक फक्त एक शेरा होतो.

घरातली माणसंही सगळी लिहायची. मागे राहिलेला भाऊ, वेगळी राहणारी आई, सगळी. कॅनडासारख्या देशात आधी न सांगितलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला पुढे बोलावणं फार अवघड होतं. तिचं लग्न ठरलं, पत्ता बदलला, मोबाइल नंबर बदलला, तर ताबडतोब कळवा. फोन लागला नाही म्हणून मागे पडलेली प्रकरणं असतात बरं, आणि आपली पोरं रिचार्जच्या ऑफरसाठी सिम बदलतात!

पुढे नाव गेलंच, तर त्या देशाची मुलाखत, सुरक्षा तपासणी, वैद्यकीय तपासणी. यांच्या मुदती वेगवेगळ्या, त्यामुळे एक कागद ताजा होईतो दुसरा शिळा होतो आणि पुन्हा करावा लागतो. वैतागायचं नाही. शेवटी भारतातून बाहेर पडायची परवानगीही घ्यावी लागते, विमानाचं तिकीट हातात असलं तरी. आणि होकार-नकार देणार तो देश, यूएनएचसीआर नव्हे. तेव्हा दिल्लीतल्या मुलाखत घेणारीवर राग काढू नका.

तर या रविवारी तिला घरी बोलाव. आधी जेवा, मग कागद काढा. एक वही, सगळ्यांची नावं एकाच स्पेलिंगने, तारखा, जुने पत्ते, कॉलेजची पत्रं, धमकीचे मेसेज असतील तर त्यांचे फोटो. मूळ कागद कुणाच्याही हाती सोपवायचे नाहीत, माझ्यासुद्धा. नोंदणीसाठी दिल्लीची तारीख मिळाली की मला फोन कर, माझ्याकडे उतरा दोघी. गाडी मात्र सकाळी पोहोचणारी घ्या, संध्याकाळी दिल्लीत रिक्षावाल्याशी भांडायची तुझी अजून तयारी नाही.