मागायला निघण्यापूर्वी

‘लोक पैसे देत नाहीत’ अशी तक्रार एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याने केली, की मी आधी त्यांचं पावतीपुस्तक बघायला मागते. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी चालणाऱ्या एका छोट्या वसतिगृहाचे हिशेब मी सांभाळते. आईवडील कारखान्यावर गेले की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या मुलींना गावात घर असतं, पण घरात माणूस नसतं. काम खरं, गरजही खरी. तरीही आमची पहिली निधीमोहीम फसली. देणाऱ्यांनी हात आखडता घेतला नव्हता. ते दारात उभे होते आणि आम्हाला घेता येत नव्हतं.

वर्तमानपत्रात लेख आला आणि फोन सुरू झाले. पहिलाच प्रश्न, ‘८०जी आहे ना?’ देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ही नोंदणी होती, पण तात्पुरती, तीन वर्षांची. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, तो राहून गेला होता. दुसरी अडचण बँकेत. सह्यांचे अधिकार असलेल्या दोघांपैकी एक विश्वस्त वारले होते. त्यांच्या जागी आलेल्यांचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखल होता, पण मंजूर नव्हता, म्हणून बँक नवी सही घेईना. धनादेश खात्यात जमा होत होते आणि मुलींचा किराणा उधारीवर येत होता. बदल झाल्यापासून ९० दिवसांत रिपोर्ट द्यायचा, हे प्रत्येक संस्थेला पाठ असतं. तो मंजूर होईपर्यंत खेटे कोणी घालायचे, हे मात्र कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं. ते लिहा.

जिवाला सर्वांत जास्त लागलं ते अमेरिकेतल्या पैशांचं. न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब मोठी रक्कम द्यायला तयार झालं. त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलेलं. आपल्या दृष्टीने ती आपलीच माणसं, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचा पैसा परकीय निधी. परकीय निधीसाठी लागणारी एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तो घेता येत नाही, अगदी त्यांच्या पुण्यातल्या खात्यातून रुपयांत आला तरी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम मात्र चालते. ‘त्यांच्या इथल्या भावाच्या नावाने पावती फाडू,’ असं बैठकीत कुणीतरी सुचवलं. असल्या वाटेने संस्था बुडते. आम्ही त्या कुटुंबाला कारण सांगून नकार कळवला. नोंदणी हवी तर साधारणपणे किमान तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं उघडावं लागतं. हा व्याप आपल्याला पेलणार का, हे आधीच ठरवलेलं बरं. फोन आल्यावर ठरवायला वेळ नसतो.

त्यानंतर वर्षभर आम्ही कुणाकडे मागितलंच नाही, घर आवरलं. पावतीवर देणगीदाराचा पॅन, पत्ता आणि देणगी कशासाठी, हे तिन्ही रकाने आले. पॅन नसेल तर आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत जाणाऱ्या देणग्यांच्या विवरणात नाव नीट जात नाही, आणि देणगीदाराला प्रमाणपत्र मिळण्यात अडचण येते. असा माणूस पुन्हा फिरकत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही, हे घेतानाच सांगावं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुनी पत्रकं सनदी लेखापालांना दाखवूनच वापरा. आणि आवाहनाचा भर करसवलतीवर ठेवू नका. नवी करप्रणाली घेणाऱ्याला ती मिळतच नाही.

सर्वांत अवघड काम निघालं विश्वस्तांकडे मागण्याचं. ‘आम्ही वेळ देतो ना’ हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते खोटंही नसतं. पण बाहेरचा माणूस विचारतोच, ‘तुम्ही स्वतः किती दिले?’ त्या प्रश्नापुढे वेळेचा हिशेब उभा राहत नाही. रक्कम ऐपतीप्रमाणे असावी, पण यादीत प्रत्येक विश्वस्ताचं नाव हवं. आमच्याकडे ती यादी पूर्ण झाल्यावरच आवाहनाचं पत्रक छापखान्यात गेलं. मग त्याच विश्वस्तांना दुसऱ्यांकडे मागताना संकोच वाटेना, हा त्यातला खरा फायदा.

पत्रकासाठी एका मुलीचा वर्षाचा खर्च काढताना स्वयंपाकीणबाईंचा आणि गृहमातेचा पगार त्यात मोकळेपणाने धरा. पगार लपवून ‘सगळा पैसा मुलींवरच’ असं लिहिणाऱ्या संस्था पुढच्या संस्थांची वाट अवघड करतात. मुलींचे केविलवाणे फोटोही नकोत. तीच मुलगी उद्या कॉलेजात जाणार आहे.

बड्या देणगीदाराची वाट बघत बसू नये, असंही माझं मत आहे. विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले ते १९२० साली. विद्यापीठ त्याआधी १९१६ पासून चालू होतं, आणि कर्व्यांचं हिंगण्याचं काम तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. मोठी रक्कम आली ती उभ्या असलेल्या कामाकडे. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधीसुद्धा साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवू शकणाऱ्या, सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेकडेच जातो.

आणखी एक गोष्ट आवाहन छापण्याआधी विश्वस्तांच्या ठरावात आणा. इमारतीसाठी मागितलं आणि निम्मीच रक्कम जमली तर तिचं काय करणार? मुदत ठेवीत ठेवणार, एकच मजला बांधणार, की देणगीदाराला विचारून मुलींच्या जेवणावर खर्च करणार? आम्ही हे उत्तर पत्रकावरच, खाते क्रमांकाच्या वर, ठळक अक्षरांत छापलं. त्याबद्दल सर्वांत जास्त फोन छोट्या देणगीदारांचे आले.