फायरवॉल बंद करण्याआधी

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि निम्म्या डोंबिवलीचं ऑफिस घरातल्या डायनिंग टेबलावर आलं. छोट्या ऑफिसांचे पीसी सांभाळणं हा माझा धंदा. तेव्हा बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असत: "रिमोट लागत नाहीये हो." पुढचं वाक्यही ठरलेलं, "म्हणून फायरवॉल बंद करून टाकली."

डोंबिवली पूर्वेच्या एका सीएंच्या ऑफिसात हे महागात पडलं. अकाउंटंटने फायरवॉल बंद केलीच, वर राउटरमधून ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं पोर्ट थेट इंटरनेटला उघडून दिलं. रिमोट लागलं, सगळे खूश. काही आठवड्यांनी टॅलीचा डेटा उघडेना आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्क त्याच पीसीला कायम लावलेली, तीही गेली. रिटर्नच्या मुदती त्या वर्षी वाढल्या होत्या म्हणून निभावलं; बिलं समोर ठेवून एंट्र्या पुन्हा माराव्या लागल्या.

उघडं ३३८९ शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीतून तर जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. पोर्टचा नंबर बदला म्हणजे झालं, असं सांगणारे भेटतात. त्याने चोराला थोडा उशीर होतो, बाकी काही नाही.

गंमत अशी, की फायरवॉल बऱ्याचदा निर्दोष असते. पीसी स्लीपमध्ये गेलेला असतो. किंवा त्यावर विंडोज होम असतं, ज्यात बाहेरून रिमोट घेण्याची सोयच नाही, प्रो लागतं. म्हणून आधी ऑफिसातल्याच दुसऱ्या पीसीवरून जोडून बघा. पिंगवर भरवसा नको, विंडोज ते अनेकदा मुद्दाम अडवतं. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आयपी आणि ३३८९ देऊन चालवा.

आतून लागतं, बाहेरून नाही, तर घोळ बहुधा राउटरच्या पलीकडे. केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर राउटरला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेरचा खरा आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट उघडून उपयोग शून्य.

आतूनही लागत नसेल तर मात्र फायरवॉलकडे वळा. नवा राउटर बसवला की विंडोज बऱ्याचदा त्या नेटवर्कला पब्लिक धरून बसतं, आणि रिमोट डेस्कटॉपची परवानगी फक्त प्रायव्हेटला दिलेली असू शकते. नेटवर्क प्रायव्हेट केलं की काम होतं. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही डोकवा. तरी उलगडा होईना, तर विंडोज फायरवॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये अडवलेल्या पॅकेटची नोंद सुरू करा. एरवी ती बंदच असते. जोडायचा प्रयत्न करून लॉग उघडा. ३३८९ समोर ड्रॉप लिहिलेलं दिसलं, तर अडवणारी फायरवॉलच. तशी ओळच नसेल, तर पॅकेट बहुधा पीसीपर्यंत आलंच नाही. केबल, राउटर, चुकलेला आयपी तपासा.

त्या सीएंकडे आता व्हीपीएन आहे. आधी ते जोडायचं, मग रिमोट. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडं नाही, बॅकअपची डिस्क काम झालं की कपाटात. आर्टिकलशिपची मुलं जास्तीच्या पासवर्डवरून अजून कुरकुरतात.