आधी हालचाल, मग आराम : मुलांच्या दीर्घकालीन वेदनेत पालकांचे काम

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन मानली जाते. ताज्या दुखापतीत वेदना हा इजेचा इशारा असतो. परंतु इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहून तोच इशारा देत राहते, तेव्हा त्या अवस्थेला मध्यवर्ती संवेदनीकरण म्हणतात. अशा मुलाचे दुखणे खरेच असते, मात्र हालचालीने त्याला नवी इजा होत असतेच असे नाही, आणि हा भेद घराला उमगला नाही तर माया हीच उपचारातील अडचण ठरते.

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरील उंब्रजसारख्या गावात मूल दुखते म्हणाले की आधी तेल-मालिश, शेक आणि सक्तीची विश्रांती हाच क्रम घरोघरी दिसतो. दीर्घ विश्रांतीने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, झोप बिघडते, शाळा तुटते, आणि मग थोड्याशा हालचालीनेही अधिक दुखू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या अशा वेदनेसाठी औषधांबरोबरच शारीरिक आणि मानसिक उपचारांचीही शिफारस आहे, ती याच कारणाने.

भौतिकोपचाराची सोय कराडसारख्या जवळच्या शहरात होऊ शकते. तथापि तज्ज्ञाकडील वेळ थोडा आणि घरचा वेळ मोठा असल्याने खरा उपचार घरातच घडतो. तेथे दोन गोष्टींपासून जपावे लागते : बऱ्या दिवशी मुलाने अति करणे आणि वाईट दिवशी सर्वच सोडणे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, आणि बलोपासनेच्या तालमीत जोर-बैठका जशा ठरलेल्या संख्येने, हळूहळू वाढवत काढल्या जातात, तसाच हा व्यायामही दुखण्यावर न सोडता तज्ज्ञाने आखलेल्या मात्रेने व्हावा. "दुखतंय का?" असे घडोघडी विचारल्याने मुलाचे लक्ष वेदनेवरच खिळते; त्याऐवजी आज काय जमले हे विचारावे, आणि आजी-आजोबांनाही त्यामागचे कारण समजावून सांगावे. शिक्षकांशी बोलून अर्धा दिवस का होईना शाळा चालू ठेवावी.

ताप, सांध्याची सूज, रात्री झोपमोड करणारे दुखणे, वजन घटणे, हातापायांतील बळ जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काही आढळल्यास मात्र व्यायाम थांबवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत मोठा धोका अधीरतेचा आहे. या उपचारात बहुधा आधी मुलाची कार्यक्षमता परतते, वेदना नंतर ओसरते. म्हणून केवळ वेदनेवरून गुण ठरवणारे पालक नेमका लागू पडू लागलेला उपचार अर्ध्यावर सोडतात. चढलेला जिना, शाळेत बसलेले तास, मित्रांबरोबरचा खेळ यांची नोंद ठेवणाऱ्या घराला ही सुधारणा वेळेवर दिसते, आणि ती दिसल्यानेच मुलाचा व्यायाम टिकतो.