घाट उतरताना खालचा गिअर

प्रश्न : मी ट्रक चालवायला शिकतो आहे. कसारा घाट उतरताना गिअर कमी केला की गाडी हिसका देते. इंजिनवर ताण नको म्हणून न्यूट्रलमध्ये ब्रेकवरच उतरलो तर चालेल का? डिझेलही वाचेल.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : न्यूट्रल करू नका. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनांत डिझेलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो आणि ऐन वळणावर ब्रेक पकड सोडतात. इंजिनला ताण येतो हे खरे, पण तो वेग न उतरवता गिअर टाकल्यावर. हिसक्याचे कारणही तेच : चाकांचा वेग जास्त, इंजिनचे फेरे कमी. म्हणून आधी ब्रेकने वेग उतरवा, क्लच दाबा, एकच गिअर खाली घ्या, अॅक्सिलरेटरला हलका स्पर्श देऊन फेरे वाढवा, मग क्लच सावकाश सोडा. हे आधी रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यावर गिरवा. पावसात जास्तच जपून, ओल्या रस्त्यावर हिसक्याने मागची चाके घसरतात. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर जरूर वापरा. इगतपुरी सोडली की उतार लागण्याआधीच गिअर कमी करा. भरल्या गाडीला भर उतारात तो पडेलच असे नाही.