गाण्यांची यादी पावलांच्या मापाने

प्रश्न : सकाळी गाणी ऐकत पाच किलोमीटर धावते, पण पहिल्या दहा मिनिटांतच धाप लागते. यादी कशी लावावी?

उत्तर : तुमची यादी बहुधा पहिल्याच गाण्यापासून सुसाट सुटत असणार. आधी पावलं मोजा. नेहमीच्या वेगात धावताना अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते पाहा आणि चारने गुणा. ४० आले तर मिनिटाला १६० पावलं. मग गाण्याचे ठोके तपासा. त्यासाठी मोफत ॲप्स मिळतात. ८० ठोक्यांचं गाणंही १६० पावलांना चालतं, दर ठोक्याला दोन पावलं पडतात.

सुरुवातीला भरभर चालण्यापुरती १२०च्या आसपासची दोन गाणी, नंतर तुमच्या आकड्याची, शेवटी संथ. ढोल-ताशाचा मोह मात्र आवरा. त्याची लय चढत जाते आणि पाय नकळत तिच्यामागे ओढले जातात. (तो शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला ठेवा, हवा तर!) लय पावलांशी जुळली तर मात्र ती साथ देते : इथिओपियाच्या धावपटू हाइले गेब्रसेलासीने १९९८ साली बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा ‘स्कॅटमॅन’ हे गाणं वाजत होतं.

रस्त्यावर धावत असाल तर एक कान मोकळा ठेवा.