शंभर आणि शून्य

क्रिकेटचा धावफलक तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. कोणी किती धावा काढल्या, किती चेंडू खेळले, किती बळी घेतले, हे त्यावरून समजते. बास्केटबॉलच्या सामन्याचाही असाच एक तक्ता तयार करतात. त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. तो कसा वाचावा, हे आज आपण एका प्रसिद्ध सामन्याच्या आधारे शिकू.

या पाठात 'मैदान', 'हिशेब' आणि 'तपशील' हे शब्द येतील. ते तुम्हाला परके वाटणार नाहीत. उर्दूतल्या 'हिसाब'ला मराठीत 'हिशेब' म्हणतात आणि 'तफसील'ला 'तपशील' म्हणतात. 'मैदान' तर दोन्ही भाषांत तसेच राहिले.

दिनांक २ मार्च १९६२. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे एक छोटे गाव आहे. चॉकलेटच्या कारखान्यासाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे फिलाडेल्फिया वॉरिअर्स आणि न्यूयॉर्क निक्स या दोन व्यावसायिक संघांचा सामना झाला. प्रेक्षक होते ४,१२४. हा सामना दूरदर्शनवर दाखवला गेला नाही. त्याची चित्रफीतही नाही. शेवटच्या भागाचे रेडिओवरील वर्णन तेवढे जपले गेले आहे. म्हणून त्या रात्री मैदानावर काय घडले, याचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे तो कागदावरचा तक्ता.

वॉरिअर्स संघाने १६९ गुण मिळवले आणि निक्सने १४७. वॉरिअर्स २२ गुणांनी जिंकले. परंतु हा सामना आठवला जातो तो दुसऱ्याच एका आकड्यासाठी. वॉरिअर्सचा सात फूट एक इंच उंचीचा खेळाडू विल्ट चेंबरलेन याने एकट्याने १०० गुण केले! त्यानंतर साठ वर्षे उलटली, तरी त्या व्यावसायिक स्पर्धेत एका सामन्यात इतके गुण दुसऱ्या कोणालाही करता आले नाहीत.

आता या १०० गुणांचा हिशेब पाहू. खेळ चालू असताना चेंडू टोपलीत टाकला, की त्या काळी २ गुण मिळत. लांबून टाकलेल्या चेंडूला ३ गुण देण्याचा नियम तेथे १९७९ साली आला. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडून अडवले, तर खेळाडूला ठरावीक रेषेमागून बिनअडथळा चेंडू टाकण्याची संधी मिळते. तिला फ्री थ्रो म्हणतात. तिचा १ गुण असतो. चेंबरलेनच्या ओळीत असे लिहिले आहे : ६३ प्रयत्नांत ३६ बास्केट आणि ३२ प्रयत्नांत २८ फ्री थ्रो. ३६ गुणिले २ म्हणजे ७२. त्यात २८ मिळवा. बरोबर १०० होतात.

सामन्याचे बारा-बारा मिनिटांचे चार भाग असतात. त्या चार भागांत त्याने अनुक्रमे २३, १८, २८ आणि ३१ गुण केले. म्हणजे सर्वांत जास्त गुण शेवटच्या भागात, जेव्हा शरीर सर्वांत जास्त थकलेले असते. तो पूर्ण ४८ मिनिटे मैदानावर होता. एरवी फ्री थ्रो हा त्याचा कच्चा विषय होता. त्या हंगामात शंभरातले सुमारे ६१ फ्री थ्रोच त्याला साधले. पण त्या रात्री हे प्रमाण शेकडा ८७.५ होते.

मात्र मित्रांनो, तक्त्यातली एकच ओळ वाचून थांबू नका. शेजारच्या ओळी पाहा. अल ॲटल्स याने ८ वेळा प्रयत्न केला आणि आठही वेळा चेंडू टोपलीत गेला. फ्री थ्रो एकच मिळाला, तोही साधला. त्याचे गुण फक्त १७, पण एकही प्रयत्न वाया गेला नाही. गाय रॉजर्सचे गुण ११. त्याच्या ओळीत आणखी एक आकडा आहे : असिस्ट २०. आपण दिलेल्या चेंडूवर सोबत्याने लगेच बास्केट केले, की त्याला असिस्ट म्हणतात. म्हणजे रॉजर्सने वीस वेळा दुसऱ्याच्या गुणांसाठी वाट मोकळी केली.

आता पराभूत संघाकडे वळू. रिची गेरिनने ३९, क्लीव्हलँड बकनरने ३३ आणि विली नॉल्सने ३१ गुण केले. तिघांची बेरीज १०३. एकाची बरोबरी करायला तिघे लागले. चेंबरलेनसमोर उभा राहणारा डॅरल इमहॉफ फक्त २० मिनिटे खेळू शकला, कारण त्याचे सहा फाउल झाले आणि नियमाप्रमाणे त्याला बाहेर जावे लागले.

आकडे खोटे बोलत नाहीत, पण सगळे सांगतही नाहीत. शेवटच्या भागात निक्सचे खेळाडू वॉरिअर्सच्या इतर खेळाडूंवर मुद्दाम फाउल करू लागले, म्हणजे चेंडू चेंबरलेनकडे जाऊ नये. मग वॉरिअर्सनीही चेंडू लवकर परत मिळावा म्हणून निक्सवर मुद्दाम फाउल केले. सामना तर ते जिंकतच होते! हे योग्य होते का? तक्ता फाउल मोजतो. ते कशासाठी केले, हे तो लिहीत नाही. त्याचा विचार वाचणाऱ्यानेच करायचा असतो.

शेवटची एक ओळ पाहू. जो रक्लिक हा वॉरिअर्सचा राखीव खेळाडू. त्याच्या नावापुढे गुण आहेत ०. घाईने वाचणारा म्हणेल, याने काहीच केले नाही. परंतु सामना संपायला ४६ सेकंद उरले असताना रक्लिकच्या हाती चेंडू आला. चेंबरलेनचे तेव्हा ९८ गुण होते. रक्लिकने स्वतः प्रयत्न केला नाही. त्याने चेंडू चेंबरलेनकडे दिला आणि शंभर पूर्ण झाले. रक्लिकच्या ओळीत गुणांच्या घरात शून्य आहे आणि असिस्टच्या घरात १. तो एक म्हणजेच हा चेंडू.

वॉरिअर्सच्या आकडेवारीचे काम पाहणाऱ्या हार्वे पोलॅक यांनी सामन्यानंतर एका कागदावर १०० हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला. तो कागद धरलेले छायाचित्र जगभर गेले. त्यात एकच आकडा दिसतो. पण पोलॅक यांनी ठेवलेल्या नोंदीत रक्लिकचा तो एकही लिहिलेला आहे. खरा हिशेब मोठ्याचा मोठेपणा लिहितो आणि लहानाचा वाटाही गाळत नाही. म्हणून कोणताही तक्ता वाचताना सगळ्या ओळी वाचा. शून्याची ओळसुद्धा.

स्वाध्याय

१. चेंबरलेनच्या १०० गुणांचा तपशील तुमच्या शब्दांत लिहा.
२. चेंबरलेनच्या ६३ प्रयत्नांपैकी शेकडा किती यशस्वी झाले? ॲटल्सशी तुलना करा.
३. कारण लिहा : रक्लिकच्या नावापुढे शून्य गुण असले, तरी त्याचे काम महत्त्वाचे होते.
४. 'जिंकत असलेल्या संघाने मुद्दाम फाउल करावेत का?' या विषयावर पाच-सहा वाक्ये लिहा.
५. तुमच्या शाळेतील एखाद्या सामन्याचा तक्ता तयार करा. कोणाचीही ओळ गाळू नका.